शून्य नंबरची रेघ

सुरतेत लिंबायतच्या शटल रिक्षात मागच्या सीटवर जागा तिघांची असते आणि बसतात चौघं. केतकीला हे चांगलं ठाऊक होतं, तरी त्या दिवशी ती चौथी म्हणून घुसली. पाऊस कालपासून हटायचं नाव घेत नव्हता, आणि तिच्या मांडीवर पत्र्याचा एक डबा होता. डब्यात काडेपेटीएवढे पांढरे बिल्ले, गळ्यात अडकवायच्या दोऱ्यांसकट. ते भिजले असते तर तिच्या गाईडसरांनी तिची खैर ठेवली नसती.

शेजारी एक तरुण बसला होता. मांडीवर जाळीच्या खिशाची बॅग, नखांच्या कडांना जांभळा रंग लागलेला, आणि ओलाचिंब असूनही चेहरा असा खुशीत, की याचं आजच लग्न ठरलंय की काय असं वाटावं. रिक्षा खड्ड्यात आपटली. डब्याचं झाकण उडालं आणि बिल्ले सगळ्यांच्या पायांत सांडले.

"अरे बेन, संभाळो ने!" पलीकडच्या काकी ओरडल्या.

केतकी वाकून, माफी मागत, लोकांच्या चपलांमधून बिल्ले वेचू लागली. तो तरुणही वेचू लागला. दोघांची डोकी एकदा आपटली, तेव्हा तो "सॉरी" म्हणाला आणि ती पुढचा बिल्ला शोधत राहिली. झाकण घट्ट लावून झालं, रिक्षा थांबली, तरुण उतरला, आणि तेवढ्यात केतकीचा फोन पिंग करून वाजला.

तिच्या स्वतःच्या गळ्यातही एक बिल्ला होता, चाचणीचा. त्याचा नंबर शून्य. दीड मीटरच्या आत दुसरा बिल्ला आला की फोनवर दोघांची नोंद व्हायची. पत्र्याच्या बंद डब्यातून काही सिग्नल बाहेर येत नाही, मग ही नोंद कोणाची? तिने पाहिलं, शून्य आणि एक्केचाळीस. आणि बघता बघता एक्केचाळीस दूर जायला लागला.

"अहो! थांबा! तुम्ही माझा एक्केचाळीस घेऊन चाललाय!"

भर पावसात, भर रस्त्यात ती ओरडली. तो वळला. इकडेतिकडे बघितलं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "एक्केचाळीस? मॅडम, मी तर एकटाच आहे."

बिल्ला त्याच्या बॅगेच्या जाळीत अडकला होता. त्याने तो काढला, उलटा-सुलटा करून पाहिला, पण परत दिला नाही.

"हे काय असतं?"

"साथीचा अभ्यास आहे. कोण कोणाच्या किती जवळ, किती वेळ थांबतं ते यात नोंदवलं जातं. त्यावरून ताप कसा पसरेल ते सांगता येतं."

"नाव-गाव कळतं?"

"नाही. फक्त नंबर. माणूस म्हणजे एक ठिपका. दोन माणसं जवळ आली की मधे रेघ."

"आणि जास्त वेळ थांबली की?"

"रेघ जाड होते."

तो थोडा विचारात पडल्यासारखा उभा राहिला. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून ओघळत होतं, पण तो काही हलेना.

"मग आत्ता आपली पडली असेल ना?"

"पडली असेल... बारीकशी."

"बारीक का?" तो हसला. "थांबतो ना अजून."

आता केतकीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की पोरगी एवढ्यावर विरघळली. तसं नव्हतं. वडील मधुकरराव बँकेतून निवृत्त झालेले, घर कतारगामला, आई काटेकोर, आणि मुलगी गणितात पीएच.डी. करणारी. मुलं तिच्याशी बोलायला यायची ती परीक्षेच्या आदल्या दिवशी. आयुष्यात कोणी तिच्यासाठी भिजत थांबलं नव्हतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

त्याचं नाव हेमराज. कुटुंब मूळचं खानदेशातल्या शिरपूरकडचं, पण जन्म लिंबायतचाच. वडील यंत्रमागावर काम करता करता गेले, आई प्रमिलाबाई. हेमराज पलसाण्याच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायचा. नखांतला जांभळा रंग तिथलाच.

तो राहायचा खाडीपलीकडे, आणि केतकीला खाडीपलीकडेच एक घर हवं होतं. तिच्या अभ्यासात दोन वस्त्या होत्या. खाडीअलीकडे शाळेची गल्ली, जिथे तापाची साथ सुरू झाली होती, पोरं एकामागून एक आडवी होत होती. खाडीपलीकडे मागवाल्यांची गल्ली, जिथे अजून सगळं ठीक होतं. वॉर्डाचं आरोग्य पथक एकच. ते आधी कुठे बसवायचं, डॉक्टर, तपासणी आणि म्हाताऱ्या माणसांच्या लसी आधी कोणाला द्यायच्या, हे केतकीच्या नकाशावरून ठरणार होतं. लोकांना बिल्ले द्यायचे, रोज संध्याकाळी गोळा करून चार्जिंगला लावायचे, सकाळी परत वाटायचे. मागवाल्यांच्या गल्लीत चार्जिंगला भरवशाची जागा मिळत नव्हती.

"आमच्या घरी लावा," हेमराज म्हणाला. "पण एक अट आहे. एक्केचाळीस नंबर माझा."

मग रोज संध्याकाळी केतकी शाळेच्या गल्लीतून बिल्ले घ्यायची, घरोघरच्या शिंकणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायची, आणि खाडीचा अरुंद पूल ओलांडून पलीकडे यायची. शेवटचं घर प्रमिलाबाईंचं. खालच्या कारखान्यातल्या मागांची खटखट भिंतीतून यायची, कपबशा बशीत हलायच्या, आणि प्रमिलाबाई त्या आवाजाच्या वर आवाज चढवून बोलायच्या.

"ये बेटा, बठ. इतली वाळेल काबर शे तू? घर कोनी जेवाले नही देतस का?"

केतकीला ती अहिराणी पहिल्या दिवशी अर्धीच कळली, एवढी वाळलीस का, घरी जेवायला देत नाहीत का, असं काहीसं. आठवड्याभरात सगळं कळायला लागलं. प्रमिलाबाईंचा गळा मोठा गोड. खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी त्या चालू करायच्या तेव्हा खालचे कारागीरसुद्धा जिन्यात येऊन उभे राहायचे.

आणि हेमराज? तो पलसाण्याहून यायला उशीर व्हायचा म्हणून पूर्वी रोज कुरकुरायचा. हल्ली केतकीच्या आधी घरी हजर असायचा. मोजून-मापून एक खुर्ची दूर बसायचा, म्हणजे दीड मीटरच्या आतच.

"आज ताप कुठवर गेला?"

"गल्लीतच आहे. पण मॉडेलमध्ये रोज पुढे चालवून बघते. एका ठिपक्याला ताप देते, मग तो रेघांवरून चालायला लागतो. जाड रेघेवरून लवकर जातो, बारीक रेघेवर अडखळतो."

"आणि रेघच नसेल तर?"

"तर जात नाही. अडकून पडतो बिचारा."

"बिचारा!" हेमराज हसला. "तापाची दया येते तुम्हाला. आमची कधी यायची?"

एकदा त्याने हट्टच धरला, नकाशा दाखवा. तिने लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके, त्यांच्यात रेघांची जाळी. तो बराच वेळ बघत राहिला. मग बोटाने हवेतच काहीतरी मोजायला लागला.

"ही तर बुट्टी आहे. एक नंबर साडी होईल याची. जमीन काळी, रेघा चांदी कलरमध्ये, पदराला असे दाट ठिपके..." बोट फिरता फिरता एका जागी थांबलं. "आणि ही एवढी जाड रेघ कोणाची?"

केतकीचे कान तापले. "ती... दोन कर्मचाऱ्यांची असेल."

"मॅडम, एक्केचाळीस माझ्याच गळ्यात आहे."

तिने फटकन लॅपटॉप मिटला. तो खो-खो हसत सुटला, आणि स्वयंपाकघरातून प्रमिलाबाईंनी विचारलं, "काय व्हयनं रे?" काही नाही, काही नाही, असं दोघंही एकदम म्हणाले. त्या संध्याकाळी पूल ओलांडताना केतकी उगीचच हसत होती. समोरून येणारा पाववाला तिच्याकडे वळून वळून बघत होता.

श्रावणात कानबाई बसली. खानदेशी माणूस सुरतेत कुठेही असो, त्या दिवशी आपल्या भाऊबंदांत येतो. प्रमिलाबाईंचं घर माणसांनी भरून गेलं होतं. केतकीचा घसा सकाळपासून खवखवत होता. शाळेच्या गल्लीत रोज फिरून असा घसा खवखवला तर काय समजायचं, हे दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर तिने अर्धा तास समजावून सांगितलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र तिने एक खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला आणि चांगली साडी नेसून निघाली.

देवीपुढे गाणी झाली, आरती झाली. कानबाईच्या नैवेद्याचा जाडजूड गोड रोट मोडायची वेळ आली तेव्हा केतकी आपण होऊन दाराकडे सरकली. हेमराजने तिला सांगितलं होतं, रोट फक्त घरच्यांनी खायचा असतो, पाहुण्यालासुद्धा देत नाहीत. पण प्रमिलाबाईंनी तिचा हात धरला आणि रोटाचा तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला.

"प्रमिला, रोट बाहेरनाले नही देतस," कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या चुलत सासूबाईंनी टोकलं.

"बाहेरनी कोन शे आठे?" प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. जणू काही विशेष घडलंच नव्हतं.

केतकीने तो तुकडा खाल्ला. तळव्याला चिकटलेला चुरासुद्धा वेचून खाल्ला. तिने समोर पाहिलं तर हेमराज जमिनीकडे बघत उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

तो तिला पुलापर्यंत सोडायला आला. पाऊस भुरभुरत होता. एकच छत्री, आणि ती दोघांना पुरत नव्हती, पण तक्रार कोणाचीच नव्हती.

"परवा तुम्ही शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना नकाशा दाखवणार ना?"

"हो."

"मी आईला घेऊन येतो. एक पिशवी पण आणतो. पिशवीत काय ते विचारू नका." तो पुलाच्या कठड्यावर बोटाने ओल्या रेघा काढत राहिला. "केतकी... मला तोंडाने विचारता येणार नाही. मी बोलतो फार, पण कामाचं असलं की जीभ अडकते. तुम्ही असं करा. परवाच्या नकाशात आपली रेघ असली ना, की मी समजेन. चारचौघांसमोर दिसली की समजेन. मग आई पुढचं बोलेल."

केतकीच्या छातीत एवढं धडधडत होतं की खालच्या मागांची खटखट इथवर येतेय की काय असं तिला वाटलं.

"दिसेल," ती म्हणाली.

"नक्की?"

"पुसायला ती काय पाटीवर काढलीय?"

हे तिचे शब्द. पुढे कितीतरी महिने ते तिला आठवत राहिले. जेवताना, बसमध्ये, कोणाशी भलतंच बोलताना, कुठेही.

नकाशा दाखवण्याच्या दिवशी सकाळी मंदार तिच्या टेबलाशी आला. मंदार तिच्याच प्रयोगशाळेतला, हुशार, आणि जिभेला हाड नसलेला. त्याने वाकून पडदा पाहिला आणि शिट्टी वाजवली.

"शून्य आणि एक्केचाळीस... बाई गं! अख्ख्या लिंबायतमध्ये एवढी जाड रेघ नाही. नवरा-बायकोंची पण नाही. कोण गं हा एक्केचाळीस?"

"कोणी नाही. तिथे चार्जिंग ठेवलं होतं."

"रोज संध्याकाळी एवढं चार्जिंग?" तो मोठ्याने हसला. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी माना वळवल्या. "मागवाला आहे का? सांग ना. काकूंना कळलं म्हणजे..."

केतकीला आईचा चेहरा दिसला. कतारगामचा तो नीटनेटका हॉल दिसला, तिथे येणारे नातेवाईक, त्यांचं ते हळू आवाजात 'लिंबायत?' असं विचारणं. तिचा चेहरा आगीसारखा तापला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "शून्य काढायचाच आहे. निरीक्षकाला गणतीत धरत नाहीत."

हे खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं. या कामात अशी रीतच आहे. बिल्ले तपासणाऱ्या माणसाचा स्वतःचा बिल्ला आकडेमोडीआधी काढून टाकतात, कारण तो वस्तीतला माणूस नव्हे. सगळेच काढतात. पण सगळे निरीक्षक रोज एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जात नाहीत, खोकणाऱ्या पोरांमधून उठून कोणाच्या घरी चहाला बसत नाहीत. हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. एक क्षण हात थांबलासुद्धा. पण मंदार अजून खांद्यावरून बघत होता.

तिने शून्य निवडला आणि पुसून टाकला.

त्या ठिपक्याबरोबर त्याच्या सगळ्या रेघा गेल्या. मागे उरल्या त्या दोन वस्त्या, आणि त्यांना जोडणारे एक-दोन मरतुकडे धागे. तिने मॉडेल पुन्हा चालवलं. ताप शाळेच्या गल्लीत फिरत राहिला, खाडी काही ओलांडेना. पलीकडच्या गल्लीला पुष्कळ अवकाश आहे, असं उत्तर आलं. पथक आधी शाळेच्या गल्लीत बसवायचं ठरलं. सगळे तिची पाठ थोपटून गेले.

शाळेच्या हॉलमध्ये लोक सतरंज्यांवर बसले होते. प्रमिलाबाई हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी हेमराज, मांडीवर एक गुलाबी पिशवी घट्ट धरून. केतकीने तिकडे बघायचं टाळलं. पडद्यावर नकाशा लागला. पोरं टाळ्या पिटायला लागली, आपापले नंबर शोधायला लागली.

हेमराज उठला. पडद्याजवळ गेला. एक्केचाळीस शोधायला त्याला वेळ लागला नाही, डिझाइनवाल्याची नजर ती. ठिपका तिथेच होता. त्याच्यापासून आईकडे जाणारी एक रेघ, दोन-चार शेजाऱ्यांच्या. आणि जिथे ती जाड रेघ असायला हवी होती तिथे नुसता काळा पडदा.

"मॅडम," तो म्हणाला. आवाज साधाच होता. "शून्य नंबर कुठे आहे?"

हॉल शांत झाला. मागून मंदार बारीक खाकरला. केतकीने हातातला पॉइंटर बंद केला. आत्ता, या क्षणीसुद्धा ती म्हणू शकली असती की चूक झाली, मी उद्या पुन्हा दाखवते. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

"तो... चाचणीचा बिल्ला होता. तो गणतीत नसतो."

"गणतीत नसतो," हेमराजने मान हलवली. "बरोबर."

तो परत येऊन बसला. पिशवी त्याने बाजूला ठेवली, मग पुन्हा मांडीवर घेतली. प्रमिलाबाई त्याच्याकडे, मग केतकीकडे बघत राहिल्या. त्यांना नकाशातलं काही कळलं नव्हतं, पण आईला कळायला नकाशा लागत नाही. कार्यक्रम संपायच्या आत दोघंही उठून गेले होते.

आठवडा उलटायच्या आत मागवाल्यांच्या गल्लीत ताप फुटला. आणि पहिलं घर प्रमिलाबाईंचं.

केतकीला बातमी कळली तेव्हा ती खुर्चीवरून उठली नाही. तिने फक्त शून्य परत नकाशात टाकला, आणि मॉडेल चालवलं. ताप शाळेच्या गल्लीतून निघाला, शून्यावर आला, आणि जाड रेघेवरून सरळ एक्केचाळीसच्या घरात गेला. मागच्या वेळी खाडीकाठी अडून राहिलेला ताप या वेळी थबकलासुद्धा नाही. कानबाईच्या दिवशीचा तिचा खवखवता घसा, तिच्या हातावरचा तो रोट, सगळं त्या एका रेघेत होतं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मग उठली, सरांकडे गेली, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की नकाशा चुकीचा होता आणि का चुकीचा होता. मंदार त्या वेळी हसला नाही. पथक त्याच संध्याकाळी खाडीपलीकडे हललं. गल्लीतली बाकीची म्हातारी माणसं त्यामुळे सावरली.

प्रमिलाबाई दवाखान्यात होत्या. नाकाला नळी, डोळे मिटलेले. हेमराज बाहेरच्या बाकावर बसला होता. केतकी आली तसा तो उभा राहिला. दोघांमध्ये दीड मीटरहून जास्त अंतर ठेवून.

"डॉक्टर म्हणाले, धोका टळला," तो म्हणाला. "छाती भरली होती फार. गाणं आता विसरा म्हणाले."

"हेमराज... ताप माझ्यामुळे आला. कानबाईच्या दिवशी माझा घसा..."

"ताप कोणालाही येतो. ते मी तुमच्यावर टाकत नाही." तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता थकलेला होता. "एक सांगा. तुमचा नंबर नकाशात असता, तर पथक आमच्याकडे आधी आलं असतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," ती म्हणाली.

तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. खाली साडीच्या गाठोड्यांनी लादलेला एक टेम्पो वळणावर अडकला होता, आणि त्याचा ड्रायव्हर उगीचच हॉर्न वाजवत होता.

"माझं सोडा. पण आईसाठी तरी ती रेघ ठेवायची होती."

केतकीला रडू आवरेना. "मी आता ठेवलीय. सगळ्यांसमोर सांगितलं. मंदारसमोर, सरांसमोर... माझ्या आईलाही सांगेन. माझं प्रेम आहे तुमच्यावर. मला त्या दिवशी फक्त लाज वाटली हो... एवढंच."

"प्रेम आहे ते मला माहीत आहे," हेमराज म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी तो किंचित हसला, तसाच, रिक्षातला. "एक्केचाळीस माझ्याच गळ्यात होता. पण ज्याची लाज वाटते ना केतकी, ते माणूस रोज थोडं थोडं पुसत राहतं. आज नकाशातून. उद्या तुमच्या घरातल्या कोणा पाहुण्यासमोर. मला ते बघवणार नाही."

"एकदा... एकदा संधी द्या."

त्याने खिशातून बिल्ला काढला, दोरी नीट गुंडाळली, आणि तिच्या हातात ठेवला. बोटाला बोट लागलं. मग नर्सने हाक मारली आणि तो आत गेला.

तो आईला घेऊन शिरपूरकडे गेला. नंतर कळलं की छापखान्याची नोकरीही त्याने सोडली होती. केतकी एकदा त्या घरापाशी जाऊन आली. खालचे माग तसेच खटखटत होते, वर कोणी दुसरंच राहायला आलं होतं, आणि जिन्यात कोणी गाणं ऐकायला थांबलेलं नव्हतं.

वर्ष गेलं. केतकीचा अभ्यास पुढे सरकला. तिच्या प्रयोगशाळेत आता नवा नियम आहे, तिनेच करून घेतलेला: निरीक्षकाचा ठिपका काढायचा नाही. नवीन मुलं कंटाळतात, विचारतात की एवढा हट्ट कशाला. ती कारण सांगते, पण अर्धंच. कतारगामला एक-दोन स्थळं येऊन गेली. घरी तिने हेमराजचं नाव घेतलं तेव्हा आईने बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस गं?" एवढंच. ज्याची तिने एवढी धास्ती घेतली होती ते एवढंसंच निघालं. हेच तिच्या मनाला सगळ्यांत जास्त लागलं.

पावसाळ्याच्या उतरणीला ती पुन्हा लिंबायतला निघाली. शटल रिक्षा, मागच्या सीटवर चौघं. तिच्या मांडीवर डबा. शेजारी एक बाई घट्ट खेटून बसलेली, डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडू नये म्हणून दातांत धरलेला. रिक्षा खड्ड्यात आपटली आणि पदर निसटून केतकीच्या मांडीवर आला.

काळी जमीन. चांदी रंगाच्या रेघा. पांढरे ठिपके.

केतकी पदराकडे वाकली. तिने पदर हातात घेतला. ती तो नकाशा डोळे मिटूनही ओळखू शकली असती. ही शाळेची गल्ली, ही खाडी, हे मागवाले. आणि पदराच्या टोकाशी, जिथे बाई खोचताना नेमकं सगळ्यांना दिसेल तिथे, दोन ठिपके. त्यांच्यामध्ये एक जाड, चकचकीत, ठसठशीत रेघ. त्याने ती पुसली नव्हती. ती तशीच ठेवून त्याने साडी छापायला देऊन टाकली होती, आणि मग निघून गेला होता. हॉलमधल्या त्या गुलाबी पिशवीत हीच साडी असणार.

"चांगली शे ना, ताई?" बाई कौतुकाने म्हणाली. "या वर्षे हाईच चालू शे. आमनी गल्लीम्हान सगळ्यासनी ली. गावले पन धाडी, धुळे, शिरपूर, आखो कोठे कोठे."

केतकीने बाहेर पाहिलं. नाक्यावर भाजीवालीच्या अंगावर तीच साडी. पुलाच्या अलीकडे पाण्याच्या रांगेतल्या दोघींच्या अंगावर तीच. कोण कोणाकडून बघून घेतंय, कुठून कुठे जातंय, हे पुढे चालवून बघायची तिला आज गरज नव्हती.

रिक्षात चार माणसं होती. पाचवा ड्रायव्हर. एक कॉलेजातला मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. पलीकडे एक काकी पिशवी सांभाळत होत्या. सगळे अनोळखी, सगळे ऐकत असणारे.

"ही जाड रेघ आहे ना, ताई..." केतकी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता. "ती माझी आहे. माझी आणि हेमराजची."

मुलाने फोनमधून मान वर केली. काकी वळल्या. बाईने एकदा पदराकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. चेष्टा चाललीय की काय, हे तिला कळेना. पण केतकीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, तेव्हा ती बाई हळूच सरकली, आणि नसलेल्या जागेतून तिला थोडी जागा करून दिली.

"मंग," तिने हलकेच विचारलं, "तू काबर नही नेसनी?"

केतकीने त्या जाड रेघेवरून अंगठा फिरवला. तिचा उतरायचा नाका मागे गेला होता. रिक्षा पूल ओलांडून पलीकडे निघाली होती, आणि पदराचं ते टोक अजून तिच्या मुठीत होतं.